उकळलेल्या बासऱ्या

लहान मुलांना संगीत शिकवायचं म्हणजे आधी त्यांची नाकं पुसायची. प्रशिक्षणाच्या वर्गात हे कुणी सांगत नाही. तिथं सांगतात की बालकाचं मन कोमल असतं, त्यावर सुरांचे संस्कार करावेत. मनाचं मला ठाऊक नाही, पण पहिलीतल्या पोराचं नाक सगळा हिवाळा वाहत असतं आणि वाहत्या नाकानं 'सा' लागत नाही. म्हणून माझा गायनाचा तास वर्गाच्या दाराशी सुरू होई. ओळीत उभं राहायचं, नाक शिंकरायचं, राखेनं हात धुवायचे, मग आत. ज्याला खोकला असेल त्यानं खिडकीपाशी बसायचं. ज्याला घरून काही खायला मिळालं नसेल त्यानं पहिलं कडवं नुसतं ऐकायचं, कारण रिकाम्या पोटी जोर लावला की पोरं पिवळी पडतात. एवढं झाल्यावर संस्कारांना जागा उरलीच, तर मी ते करत असे.

शाळा हिंगणघाट तालुक्यात, अल्लीपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका मोठ्या गावात होती. मी वर्ध्याची. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. शाळेत मी एकटीच बाई, त्यामुळे पहिली-दुसरी माझ्याकडे आणि गायनही माझ्याकडे. माझ्याआधी गायन हेडमास्तर शिकवत. त्यांची पद्धत अशी: पेटीचा भाता उंदरांनी कुरतडलेला, त्याला खाकी कापडाचं ठिगळ. ते एक सूर दाबून धरत आणि पोरं त्या सुराशी काडीचा संबंध न ठेवता ओरडत. जो सर्वांत मोठ्यानं ओरडेल तो हुशार. शिवाय गायन आणि सूतकताई एकाच तासाला, म्हणजे तपासणीला साहेब आले की दोन्ही दाखवता येत. पोरं डोळे टकळीवर ठेवून गळ्याच्या शिरा ताणत. धागा तुटला की गाणं तुटे, आणि गाणं तुटलं की हेडमास्तरांची छडी.

मला हे ऐकून ऐकून वीट आला होता. पेटी पोरांच्या हातात येत नाही. हातात काही आल्याशिवाय सात वर्षांचं पोर शिकत नाही, हे मी वर्ग सांभाळून शिकले होते. तान्ह्या पोळ्याला गावात पोरं लाकडी बैल घेऊन मिरवतात, त्या दिवशी एक बासरीवाला येई. तोंडात धरून सरळ फुंकायच्या छोट्या बासऱ्या, टोकाला लाकडाचं बूच बसवलेलं. त्या बऱ्याचशा शिट्टीसारख्याच, पण बोटं नीट ठेवली तर पाच सूर स्वच्छ निघत. मी शाळेच्या खर्चातून एक टोपलीभर घेतल्या. त्याच्या पथारीवर बसून एकेक वाजवून पाहिली आणि ज्या एकमेकींशी जुळल्या तेवढ्याच उचलल्या. बासरीवाला वैतागला. "बाई, पोरांच्या खेळन्याले इतली पारख कोन करते वो?" म्हणाला. मी केली.

बासऱ्या शाळेतच राहत. घरी गेल्या असत्या तर निम्म्या चुलीत आणि निम्म्या बैलाच्या खुराखाली गेल्या असत्या. तास सुरू झाला की टोपली मधे. ज्याच्या हाताला जी येईल ती त्यानं घ्यायची, तास संपला की परत टाकायची. शनिवारी मी सगळ्या बासऱ्या बादलीत बुडवी. विहिरीत टाकतात त्या लाल दव्याचे दोन खडे पाण्यात टाकलेले असत. मग फडक्यानं पुसून सावलीत वाळवायच्या. ऊन लागलं की बांबू चिरतो. पोरांना हे काम फार आवडे, कारण लाल दव्यानं बोटं तपकिरी होत आणि घरी दाखवता येत.

शिकवताना मी सूर लगेच सांगितला नाही. आधी फुंकर. तळहातावर कापसाचा पुंजका ठेवायचा आणि तो पडू न देता नुसता हलवायचा. ज्याचा कापूस उडून गेला त्याची बासरी किंचाळणार हे ठरलेलं. आठवडाभर आम्ही कापूसच फुंकत होतो. हेडमास्तर दारातून डोकावून म्हणाले, "बाई, हे गायन आहे की सरकी काढणं?" मग एक बोट, मग दोन, आणि प्रत्येक बोटाच्या सुराचं नाव. बासऱ्यांतून लाळ गळे, चटया ओल्या होत, आणि वर्गाला बांबू, थुंकी नि ओल्या चटईचा एक वास येई. मला तो वास चालत होता.

तालासाठी मी एक धून बसवली. कपाशीच्या दिवसांत आमच्या शाळेसमोरून कापसाच्या जिनाकडे जाणाऱ्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागे. तीच घेतली. आधी एक बासरी एकटीच, सावकाश, भरल्या बंडीसारखी. ती चार पावलं गेली की दुसरी तिच्या मागं, मग तिसरी, मग सगळी रांग. पोरांना चालीचं नाव सांगावंच लागलं नाही. 'पहिली बंडी', 'दुसरी बंडी' असं तीच म्हणू लागली आणि आपला नंबर आला की बैल हाकल्यासारखी मान हलवू लागली.

पहिल्या बंडीला चुकून चालत नाही. मागच्या सगळ्या तिच्यावर अवलंबून. ते काम मी दुसरीतल्या एका मुलीला दिलं. ही अंगानं किरकोळ, केस तेलाअभावी भुरे, वर्गात कधी हात वर न करणारी. पण तिचा कापूस तळहातावरून कधीच उडाला नव्हता. आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाई. त्या दसऱ्याला, छप्पन सालच्या, आईबाप दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. तिच्या वस्तीतली बहुतेक घरं गेली होती. आल्यावर त्यांनी देव घराबाहेर काढले आणि गावची मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. गावाला देवांचं एवढं लागलं नाही. ढोरांचं लागलं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर ही धून वाजवायची ठरली. नवे डेप्युटी साहेब येणार होते. आम्ही नुकतेच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो होतो, त्यामुळे साहेब पुण्याकडचे आणि हेडमास्तरांना रात्री झोप नाही. मी सर्वांत सुरेल बासरी निवडून तिच्या टोकाला तांबडा दोरा बांधला. ही पहिल्या बंडीची, टोपलीत मिसळायची नाही, असं सांगितलं. मुलीनं ती दोन्ही हातांनी धरली.

"बाई, माह्या मायले येऊ देता का पाह्यले?"

"का नाही? सगळ्यांच्याच आया येणार."

"ते वेचायले जाते ना. म्हनते, खरंच तू सगळ्यायच्या समोर वाजवनार असशीन तं त्या दिवशी नाई जात मी वेचायले. लबाड सांगशीन तं पाह्यजो, म्हने."

"सांग तिला, खरं आहे म्हणून."

तिला त्या दिवसाचं दुसरं काही नको होतं. फ्रॉक कोणता घालायचा, खाऊ मिळणार का, असलं काही तिनं विचारलं नाही. आईनं पाहिलं पाहिजे, एवढंच. त्यानंतर रोज सकाळी ती मला शाळेच्या फाटकापाशी गाठून विचारी, "मीच हाओ ना बाई पह्यली?" आणि मी 'हो' म्हटल्यावरच आत येई.

आठ दिवसांनी शेठजी शाळेत आले. गावातलं किराणा-कापडाचं मोठं दुकान त्यांचं, शाळेच्या समितीचे ते प्रमुख, आणि त्यांचा धाकटा मुलगा माझ्या दुसरीच्या वर्गात. हेडमास्तरांनी आपली खुर्ची त्यांना दिली नि स्वतः उभे राहिले. मला बोलावलं.

"बाई, तुमी शिकल्या-सवरल्या," शेठजी म्हणाले. "तुमाले आमी काय सांगाव? पन एकाच्या तोंडातली वस्तू दुसऱ्याच्या तोंडात जाऊन राह्यली. उष्टं ते उष्टंच ना?"

"मी धुते, शेठजी. लाल दवा टाकून."

"धुन्याची गोष्ट नोहे. कोनाच्या तोंडातली, ते पाहा लागते."

"पोळ्यापासून हीच पोरं ह्याच बासऱ्या फुंकून राहिलीत. तुमचा मुलगाही. आज काऊन आठवलं?"

ते हेडमास्तरांकडे बघू लागले. हेडमास्तर छताकडे. मग शेठजींच्या तोंडून खरं ते निघालंच.

"पोरगं घरी येऊन सांगून राह्यलं, मी तिच्या मांगची बंडी हाओ. मांगची! अख्ख्या गावात आमची बंडी कोनाच्या मांगं गेली कधी? आनि हे कोनाच्या मांगं, तं त्यायच्या पोरीच्या!"

पोळ्यापासून त्यांच्या मुलाच्या तोंडात काय जात होतं ते त्यांना चाललं. रांगेतला नंबर कळला त्या दिवशी ते उष्टं झालं. मला वाटलं, शेंबूड परवडला, तो पुसता तरी येतो.

शेठजी गेल्यावर हेडमास्तर मला समजावू लागले. त्यांच्याजवळ तोडगे तयार होते. "दोन टोपल्या करा बाई. एक इकडची, एक तिकडची. कोणाला सांगायचं नाही, आपोआप होईल." मी नाही म्हटलं. "मग त्या चार-पाच पोरांना टाळ द्या. टाळ तोंडात जात नाही." मी पुन्हा नाही म्हटलं. "अहो, टाळ काय कमी प्रतीचं वाद्य आहे का? संतांचं वाद्य आहे!"

"मग शेठजींच्या मुलाला द्या की संतांचं वाद्य."

त्यांनी हजेरीपट पुढं ओढला. मला वाटलं विषय संपला. मी संक्रांतीला वर्ध्याला घरी गेले.

परत आले तर हेडमास्तर वाटच पाहत होते, नवा सदरा घालून, अगदी प्रसन्न. टोपली माझ्या टेबलावर आणून ठेवली. वर तुळशीची पानं.

"मिटली बाई भानगड! सगळ्या शुद्ध करून घेतल्या."

"म्हणजे काय केलं?"

"शेठजींच्या घरी. त्यांचा लग्नाचा हंडा आहे ना मोठा, त्यात. गोमूत्र घातलं, तुळस घातली, आणि चांगला दणदणीत कढ दिला. पाणी आटत आलं तोवर. मग गच्चीवर उन्हात वाळवल्या. शेठाणीबाईंनी स्वतः लक्ष घातलं. आता कोणी नाव ठेवायची सोय नाही."

मी वरची बासरी उचलली. पेरापासून खालपर्यंत चिरली होती. दुसरीचं बूच फुगून अर्धं बाहेर आलं होतं. तिसरी दिसायला धड होती म्हणून तोंडाला लावली आणि तिथंच मला उलटीची उबळ आली. पितळ, मूत आणि शिजलेला बांबू. पोरांच्या लाळेनं मला कधी काही झालं नव्हतं. सगळ्या शाळेची थुंकी तोंडात घेऊन मी सूर तपासत आले होते. शुद्ध केलेली एक बासरी घेतली आणि दाराबाहेर जाऊन चूळ भरावी लागली.

सगळ्या वाजवून पाहिल्या. बहुतेकांतून नुसता वारा. ज्या दोन-तीन बोलल्या त्या प्रत्येकीचा सूर निराळा.

"गुरुजी, ह्यातली एकही वाजत नाही."

"असं कसं? चांगल्या उकळल्यात!"

"म्हणूनच."

त्यांचा चेहरा पडला. मग एकदम उजळला. "एक आहे. ती दोरावाली मी कपाटातच ठेवली होती. ती त्या पोरीची ना. तिला शुद्ध करून काय उपयोग?"

मग शेठजींना बोलावणं गेलं. साहेब यायला थोडेच दिवस उरले होते, कार्यक्रमात बालकांचं वादन लिहून गेलं होतं, आणि बासरीवाला पुढच्या पोळ्याशिवाय यायचा नव्हता. शेठजी खुर्चीत बसले, दोरावाली बासरी टेबलावर होती, तिच्याकडे त्यांनी नीट पाहिलं.

"एकच वाजते म्हन्ता?"

"एकच."

"मंग ठीक हाये ना. आमच्या पोट्ट्याले द्या ते. एकटाच वाजवीन."

मला आधी कळलंच नाही. "ही त्या मुलीच्या तोंडातली आहे, शेठजी. ही तर उकळलेलीसुद्धा नाही."

"धुऊन घेऊ. धुतल्यावर कायचं उष्टं?"

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, धुण्याची गोष्ट नाही."

"त्या दिवसाची गोष्ट अलग होती, बाई. तुमी लय खोदता."

आजही हे लिहिताना तो शांत, तेलकट चेहरा माझ्यासमोर येतो. त्याला लाज वाटलीच नाही. मी इतकी वर्षं समजत होते की ह्या लोकांना खरोखर किळस वाटते. चुकीची असेल, शिकवलेली असेल, पण पोटातून येणारी असेल, जशी पाल पाहून येते तशी. ते खोटं होतं. पाल कामाची निघाली की हे लोक ती धुऊन घेणार होते. खऱ्या किळसेला मी क्षमा केली असती.

हेडमास्तर म्हणाले, "उत्तम. बाई, शिकवा त्याला."

मी वाद घातला नाही. मुलाला बोलावलं, बासरी हातात दिली, शेठजींसमोरच म्हटलं, वाजव पहिली बंडी. पोरगं बिचारं चांगलं होतं. त्याला दुसऱ्या बंडीची धून येत होती, पहिली येत नव्हती. त्यात जोरानं फुंकायची सवय. अशी किंकाळी निघाली की बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"हे साहेबांसमोर होईल," मी हेडमास्तरांना म्हटलं. "जबाबदारी तुमची."

साहेबांचं नाव काढल्यावर त्यांचं अवसान गळालं. शेठजींनी मुलाला हातानंच 'पुरे' केलं. आपला मुलगा मागं राहिलेला एक वेळ चालला असता, चारचौघांत किंचाळलेला नाही. शेवटी ठरलं ते असं: वादन रद्द. त्या जागी पेटीवर स्वागतगीत, हेडमास्तर स्वतः बसवणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी तिनं विचारलं, "मीच हाओ ना बाई पह्यली?"

"नाही. हेडमास्तरांनी कार्यक्रम काढून टाकला."

"काऊन?"

"बाकीच्यांच्या बासऱ्या फुटल्या म्हणून."

"माही तं नाई फुटली."

ती फाटकाच्या खिळ्याशी चाळा करू लागली. मग म्हणाली, "मायले मी सांगतलं हाये. ते म्हनीन, मी लबाड सांगून राह्यली होती."

मी तिला आत नेलं, कपाट उघडलं, दोरावाली बासरी काढली आणि तिच्या हातात ठेवली. "ही घरी घेऊन जा. आईला घरीच वाजवून दाखव." तिनं ती फ्रॉकच्या आत, कमरेच्या नाडीत खोचली. मग ती वर्गात जाऊन बसली.

सव्वीसला सकाळी थंडी होती. झेंडावंदन झालं. पटांगणात सतरंज्या, साहेबांसाठी शेठजींच्या घरची गादीची खुर्ची, आया डाव्या बाजूला. तिची आई आयांत बसली नव्हती. ती फाटकाच्या आत, भिंतीला टेकून, धुतलेल्या हिरव्या लुगड्यात उभी होती. मुलगी पोरांच्या शेवटच्या रांगेत.

स्वागतगीत झालं. त्याबद्दल काय लिहावं? हेडमास्तरांनी जोरात भाता ओढला आणि खाकी ठिगळ सुटलं. पेटी दमेकऱ्यासारखी घरघरू लागली, पण पोरं थांबली नाहीत, कारण त्यांचं पेटीकडे लक्ष कधी नव्हतंच. शेवटचं कडवं त्यांनी नुसतंच ओरडून काढलं. साहेबांनी रुमाल तोंडाला लावला, खोकल्यासाठी की हसण्यासाठी ते कळलं नाही. मग शेठजी हार घेऊन उठले. हाराची गाठ अडकली होती. ते ती सोडवत उभे होते आणि सगळं पटांगण गप्प होतं.

तेव्हा मागून पहिली बंडी सुरू झाली.

सावकाश, घाई न करता, एकेक सूर पुरता लावून. ती उभी राहिली होती, डोळे फाटकाकडे. हेडमास्तर ताडकन वळले. ते हातानं 'बस, बस' करू लागले, आणि तेवढ्यात साहेब उठून उभे राहिले. ते नवे होते. इकडची प्रार्थना असेल असं त्यांना वाटलं असावं. हात जोडून त्यांनी मान खाली घातली. साहेब उभे म्हटल्यावर हेडमास्तर ताठ उभे. समिती उभी. आया उभ्या. शेठजी हार धरून उभे, ना घालता येईना, ना ठेवता येईना.

तिची चार पावलं झाली. आता दुसऱ्या बंडीची जागा. बासऱ्या तर कुणाजवळ नव्हत्या. एकटीची धून तिथं लंगडी पडते. पण नंबर कुणाचा होता? शेठजींच्या मुलाचा. त्या पोरानं आपला नंबर आला हे ओळखलं, बैल हाकल्यासारखी मान हलवली आणि तोंडानंच, मोठ्यानं, 'सा सा रे' म्हणून तिच्या मागं निघाला. बापाकडे बघितलंही नाही. मग तिसरा, मग चौथी, मग सगळी रांग. पोरं उघड्या गळ्यानं गात होती आणि कुणी ओरडत नव्हतं. एवढा स्वच्छ 'सा' त्या पटांगणात त्याआधी लागलेला मी ऐकला नव्हता.

संपलं तेव्हा साहेबांनी डोळे उघडले. "वा! फारच सुंदर प्रार्थना. कोणी बसवली?"

"आम्हीच, साहेब," हेडमास्तर म्हणाले. "इथं सगळी मुलं एका ओळीत. भेदभाव म्हणून नाही." हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, अगदी सरळ डोळ्यांनी. मला वाटतं तेवढ्यापुरतं त्यांना ते खरं वाटलं. शेठजींनी तेवढ्यात गाठ सोडवली आणि हार घातला. साहेबांनी शाळेच्या वहीत शेरा लिहिला तो हेडमास्तरांच्या नावे. पुढल्या सोमवारी हेडमास्तरांनी फुंकायची वाद्यं शाळेत बंद केली, आरोग्याच्या कारणास्तव. पेटीला नवं ठिगळ आलं.

पण त्या सकाळी अजून पेढे वाटायचे होते. ते शेठजींचे होते आणि वाटत ते स्वतः होते. पोरं ओळीनं हात पुढं करत. बाकीच्यांच्या हातात ते पेढा ठेवत. तिच्यापाशी आल्यावर हात वीतभर वर उचलला आणि वरून टाकला. मघाशी तिचीच बासरी मुलासाठी मागणारा माणूस. पेढा तिच्या तळहातावरून उडून मातीत गेला. ती वाकलीही नाही. माझ्यासमोर ताट आलं, मी त्यात हात घातला नाही. "घ्या ना बाई," शेठजी म्हणाले. मी म्हटलं, "मला मळमळतं आहे." ते खरंच होतं.

ती तोवर फाटकापाशी पोचली होती. आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला नाही, हसलीसुद्धा नाही. हात पुढं केला. पोरीनं बासरी दिली. लाळेनं ओली होती ती. आईनं ती उलटीपालटी करून पाहिली, पुसली नाही, पदराला लावली नाही, तशीच तोंडात धरली आणि गाल फुगवून जोरानं फुंकली.

नुसता वारा निघाला.

"तसं नोहे वो माय!" ती ओरडली. सगळ्या वर्षात पहिल्यांदा मी तिचा मोठा आवाज ऐकत होते. "इतल्या जोरानं काऊन फुंकतं? बोटं कुठी हायेत तुये? दे इकडं बोट. हे इथं ठेव. दाब. आता फुंक. नाई, नाई, थांब!"

आणि आई वेचून वेचून फाटलेली आपली बोटं एकेक करून तिच्या हवाली करत राहिली, आणि ती ती भोकांवर बसवत राहिली, मोठ्या मास्तरणीच्या थाटात, फाटकातून जाणाऱ्या-येणाऱ्यांची वाट अडवून.